मुखवट्यामागची माणसे

अमेरिकेतील रॅप संगीताच्या इतिहासात ‘हॉररकोअर’ या उपप्रकाराची दखल बहुधा परिच्छेदभरात आटोपते. खून, प्रेते, वेडाचे झटके, सैतान आणि स्मशाने यांची वर्णने करणारे, भयपटांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे वापरणारे, काहीसे पोरकट आणि बरेचसे किळसवाणे रॅप, अशी त्याची व्याख्या केली जाते आणि इतिहासकार पुढे सरकतो. ही व्याख्या चुकीची नाही. रससिद्धान्ताच्या परिभाषेत बोलायचे तर भयानक आणि बीभत्स या दोन रसांवर उभा राहिलेला, आणि अनेकदा त्या दोहोंतही बीभत्साकडेच झुकलेला असा हा गीतप्रकार आहे. त्यातील स्त्रियांविषयीची हिंसा तर कित्येकदा कोणत्याही रसात बसत नाही, ती नुसतीच हिंसा असते. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

मात्र या गटांची चरित्रे एकापुढे एक ठेवून पाहिली की त्यांत एक विलक्षण साम्य दिसते. हे गट स्थिर नसतात. गटाचे नाव तेच राहते, पण पहिल्या अल्बमवरील मुख्य आवाजांपैकी एकही तिसऱ्या अल्बमवर सापडत नाही. कुठे माणसे तीच राहतात, पण नाव आणि चेहऱ्यावरचा रंग बदलून नव्यानेच जन्मल्यासारखी वावरतात. कुठे सहाजणांचा गट ओसरत ओसरत दोघांवर येतो. असे बदल रॉक वा जाझ संगीतातही होतात, हे खरे. परंतु हॉररकोअरमध्ये त्यांचे प्रमाण आणि त्यांची सहजता दोन्ही अधिक आहेत. ही सहजता कुठून आली, आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक उत्तर या गीतप्रकाराच्या स्वरूपातच आहे. एरवीचे रॅप ‘मी हे जगलो आहे’ या दाव्यावर उभे असते. गल्ली, तुरुंग, गरिबी, मित्राचा खून यांविषयी बोलणाऱ्याने ते भोगलेले असावे, अशी श्रोत्याची अपेक्षा असते आणि ती फसली तर तो कलावंताला क्षमा करत नाही. हॉररकोअरमध्ये बोलणारा उघडउघड पात्र असतो. कबर खोदणारा, थडग्यातून उठलेला, वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेला. आत्मचरित्र दुसऱ्याला देता येत नाही, भूमिका मात्र देता येते. म्हणून येथे गटाचे नाव हे माणसांच्या समूहाचे नाव न राहता एका मुखवट्याचे नाव होऊन बसते, आणि मुखवट्याला चेहरा कोणताही चालतो. मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. ‘नामा’ या एका नाममुद्रेखाली एकाहून अधिक कवींची रचना गाथेत मिसळली गेली आणि ती निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. फरक इतकाच की तेथे नाममुद्रा घेण्यामागे भक्ती होती. येथे तिच्यामागे करारपत्र असते.

१

ह्यूस्टन हे टेक्सास राज्यातील शहर. ऐंशीच्या दशकात रॅपच्या नकाशावर न्यूयॉर्क होते, लॉस एंजेलिस येऊ घातले होते, ह्यूस्टन नव्हते. जेम्स स्मिथ (पुढे हाच जेम्स प्रिन्स या नावाने ओळखला गेला) या तरुण व्यावसायिकाने तेथे ‘रॅप-अ-लॉट’ ही कंपनी काढली आणि तिच्यासाठी एक गट उभा केला, ‘घेटो बॉइज’. रहीम, ज्यूकबॉक्स आणि के-नाइन हे त्यातले आरंभीचे तिघे. गट कंपनीने घडवला होता, गटाने कंपनी शोधलेली नव्हती, ही गोष्ट पुढील सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे.

रहीम लवकरच स्वतंत्रपणे गाऊ लागला, के-नाइनही गेला. १९८८ साली ‘मेकिंग ट्रबल’ हा पहिला अल्बम आला तेव्हा गटात ज्यूकबॉक्स, प्रिन्स जॉनी सी, डीजे रेडी रेड आणि नर्तक म्हणून घेतलेला बुशविक बिल असे चौघे होते. अल्बम फारसा चालला नाही. न्यूयॉर्कच्या त्या काळच्या यशस्वी गटांचे अनुकरण त्यात ठळक होते. परंतु त्यातील ‘असॅसिन्स’ हे गीत वेगळे होते. खुन्याच्या तोंडून सांगितलेली, भयपटाच्या वळणाची ती कथा होती, आणि हॉररकोअरचा आरंभ शोधणारे पुष्कळजण तिथपर्यंत येऊन थांबतात.

अल्बम पडल्यावर जॉनी सी आणि ज्यूकबॉक्स गटाबाहेर गेले. स्मिथने त्यांच्या जागी दोन नवे आवाज आणले, विली डी आणि स्कारफेस. दोघेही स्वतंत्र कलावंत म्हणून पुढे येऊ पाहणारे, परस्परांशी फारसा संबंध नसलेले. नर्तक असलेल्या बुशविक बिलला आता शब्दही मिळाले. जमैकात जन्मलेला, ठेंगण्या शरीराचा हा तरुण पुढे गटाचा चेहरा झाला, पण त्याच्या तोंडचे बरेचसे शब्द सहकाऱ्यांनी लिहिलेले असत. १९८९ साली आलेल्या ‘ग्रिप इट! ऑन दॅट अदर लेव्हल’ या अल्बमने ह्यूस्टनला नकाशावर आणले. त्यातल्या ‘माइंड ऑफ अ ल्युनॅटिक’ या गीताने हिंसेच्या वर्णनाची जी पायरी गाठली, ती अनेक रसिकांनाही झेपली नाही.

पुढच्याच वर्षी निर्माता रिक रुबिन याने या गटाला आपल्या ‘डेफ अमेरिकन’ या कंपनीत घेतले. त्याने जुनीच गीते नव्याने ध्वनिमुद्रित वा संस्कारित करून ‘द गेटो बॉइज’ हा अल्बम सिद्ध केला. नावाचे स्पेलिंग आता सुटसुटीत झाले होते. गेफन या वितरक कंपनीने हा अल्बम बाजारात आणण्यास साफ नकार दिला. अखेर वॉर्नरच्या वितरणव्यवस्थेतून तो बाहेर पडला, तोही वेष्टनावर एक चमत्कारिक सूचना घेऊन. आम्ही सेन्सॉरशिपच्या विरोधात आहोत, परंतु आमच्या उत्पादकाला आणि वितरकाला यातील मजकूर हिंसक, लिंगभेदी, वंशद्वेषी आणि असभ्य वाटतो, अशा आशयाची ती सूचना होती.

या गदारोळात एक लहानशी गोष्ट दुर्लक्षित राहिली. १९९०च्या या अल्बमवर ‘असॅसिन्स’ पुन्हा आले होते. मूळ गीत ज्या दोघांच्या तोंडी होते ते दोघेही आता गटात नव्हते. नव्या माणसांनी तेच गीत, आपलेच असल्यासारखे, नव्याने म्हटले. ‘मी’ तोच राहिला, ‘मी’ म्हणणारा बदलला. कथेतील खुनी हा पात्र होता म्हणूनच हे शक्य झाले. हेच गीत जर जॉनी सीच्या बालपणाविषयी असते, तर स्कारफेसला ते म्हणता आले नसते.

नवे नाव रुजले तसे नवे तडेही गेले. १९९१ साली रेडी रेड गटातून बाहेर पडला. त्याच वर्षी बुशविक बिल मद्याच्या अमलात, प्रेयसीशी झालेल्या झटापटीत गोळी लागून एक डोळा गमावून बसला. इस्पितळाच्या ढकलगाडीवर बसलेल्या बिलचे, जखमेवरची पट्टी बाजूला सारलेले छायाचित्र ‘वी कान्ट बी स्टॉप्ड’ या अल्बमच्या वेष्टनावर झळकले. ढकलगाडीशेजारी विली डी आणि स्कारफेस उभे आहेत. आजवर या गटाने रंगवलेले रक्त काल्पनिक होते. आता खऱ्या माणसाचा खरा गेलेला डोळा विक्रीची वस्तू झाला. हे छायाचित्र काढू दिल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे बिलने पुढे सांगितले.

याच अल्बमवर गटाचे सर्वोत्तम गीत आहे, ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’. ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. स्कारफेसने ते मुळात आपल्या स्वतंत्र अल्बमसाठी योजले होते. मेम्फिसच्या आयझॅक हेजच्या एका मंद, उदास सुरावटीवर ते बांधले आहे. त्यातील भय बाहेरच्या राक्षसाचे नाही. झोप न येणारा, पाठीमागे कोणी आहे असे सतत वाटणारा, आपल्याच मनावरचा विश्वास उडालेला माणूस त्यात बोलतो. शेवटच्या कडव्यात हॅलोवीनच्या रात्री एका धिप्पाड आकृतीशी मारामारी होते आणि अखेर कळते की समोर कोणीही नव्हते, रक्ताळलेल्या मुठी रस्त्यावर आपटत होत्या. भयपटाचे सगळे साहित्य येथे आहे, पण मुखवटा सरकलेला आहे. म्हणूनच या गीतात माणसांची अदलाबदल कल्पिणे कठीण वाटते.

तरी अदलाबदल थांबली नाही. विली डी बाहेर पडला आणि १९९३च्या ‘टिल डेथ डू अस पार्ट’साठी बिग माइक आला. ‘मृत्यूच आपल्याला वेगळे करील’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली मृत्यूची वाट न पाहता एक सदस्य बदललेला होता. १९९६ साली विली डी परतला आणि त्या अल्बमचे नाव ‘द रिझरेक्शन’, पुनरुत्थान, असे ठेवण्यात आले. १९९८च्या अल्बमवर बुशविक बिल नव्हता. २००५ साली तिघे पुन्हा एकत्र आले. प्रत्येक बदलात एक गोष्ट स्थिर होती, नाव आणि त्यामागची कंपनी.

२

गेटो बॉइजच्या १९९३च्या अल्बमवर ‘सिक्स फीट डीप’ नावाचे एक गीत आहे. वर्षभराने याच नावाचा एक संपूर्ण अल्बम न्यूयॉर्कहून आला. गटाचे नाव होते ‘ग्रेव्हडिगाझ’, कबर खोदणारे. ह्यूस्टनमध्ये एका नावाखाली माणसे बदलत होती. येथे उलटे घडले. जुन्या नावांनी अपयशी ठरलेली चार माणसे नवी नावे घेऊन एका कबरीतून बाहेर आली.

या चौघांचा पूर्वेतिहास पाहण्याजोगा आहे. प्रिन्स पॉल आणि फ्रुकवान हे ‘स्टेट्सासॉनिक’ या गटातले. पॉलने ‘डी ला सोल’चा १९८९चा पहिला अल्बम घडवून नाव कमावले होते, पण नंतर त्याची स्वतःची उपकंपनी बुडाली होती. आरझा हा तेव्हा ‘प्रिन्स राकीम’ या नावाने एक सौम्य, विनोदी प्रेमगीत काढून बसला होता आणि कंपनीने त्याला वगळले होते. पोएटिकचा अल्बम तर बाहेरच पडला नव्हता. चौघांच्याही या जुन्या कहाण्या कधी ना कधी एकाच कंपनीच्या, ‘टॉमी बॉय’च्या, दारातून गेलेल्या होत्या. म्हणजे मृत्यूचे रूपक त्यांनी भयपटांतून उसने आणण्याची गरज नव्हती. धंद्याच्या हिशेबी ते मेलेलेच होते.

प्रिन्स पॉलने त्यांना एकत्र केले आणि प्रत्येकाने नवे नाव घेतले. पॉल झाला अंडरटेकर, म्हणजे अंत्यविधी करणारा. फ्रुकवान झाला गेटकीपर, पोएटिक झाला ग्रिम रीपर आणि आरझा झाला रिझरेक्टर, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा. आपण ‘मनाने मेलेल्यां’साठी कबर खोदतो, असे स्पष्टीकरण गटाने दिले. त्यामागे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांत रुजलेल्या फाइव्ह पर्सेंटर पंथाची शिकवण होती. बहुसंख्य लोक अज्ञानात मृतवत् जगतात, ही ती कल्पना. परंतु अल्बमची जातकुळी प्रवचनाची नव्हती. प्रिन्स पॉलच्या स्वभावातला तिरकस विनोद त्यात सर्वत्र आहे. हॉररकोअरमध्ये हास्य आणि भय यांचा इतका नेमका तोल क्वचितच साधला गेला.

अनेक कंपन्यांनी नाकारलेले हे काम १९९४च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले तोवर परिस्थिती पालटली होती. आरझाचा दुसरा गट, ‘वू-टँग क्लॅन’, १९९३च्या अखेरीस गाजू लागला होता. मेलेल्यांपैकी एकजण खरोखरच उठला होता. त्याच वर्षी डेफ जॅमसारख्या बड्या कंपनीने ‘फ्लॅटलाइनर्झ’ हा गट बाजारात आणला. त्यातील एक सदस्य कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रसेल सिमन्सचा पुतण्या होता. ‘हॉररकोअर’ हा शब्द या दोन गटांच्या निमित्ताने नियतकालिकांतून सर्रास वापरला जाऊ लागला, आणि एक-दोन वर्षांत ‘आता हे पुरे’ असेही म्हटले जाऊ लागले. मोठ्या कंपन्यांपुरता हा प्रकार तेथेच संपला.

ग्रेव्हडिगाझचा १९९७चा दुसरा अल्बम गंभीर, प्रबोधनपर होता आणि त्यात प्रिन्स पॉलचा हात फारच कमी होता. ज्याने गट जमवला त्याचाच स्वर गटातून ओसरला. पुढे पोएटिकला आतड्याचा कर्करोग झाला. ग्रिम रीपर हे नाव धारण केलेला हा कवी आजारातही ध्वनिमुद्रण करत राहिला. जुलै २००१ मध्ये तो गेला. त्याने आणि फ्रुकवानने मिळून केलेले काम २००२ साली गटाच्या नावाने प्रसिद्ध झाले. चौघांतले दोघेच, त्यांतलाही एक दिवंगत. तरी वेष्टनावर नाव ‘ग्रेव्हडिगाझ’च.

३

ह्यूस्टनमध्ये नावाचा धनी गटाबाहेर होता. न्यूयॉर्कमध्ये तो कोणीच ठामपणे नव्हता. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये तो गटाच्या आत होता, आणि या फरकाने सगळी कथा वेगळ्या वळणावर गेली.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मेम्फिसमध्ये मोठी ध्वनिमुद्रण कंपनी या संगीताकडे फिरकत नव्हती. डीजे मंडळी घरच्या घरी, साध्या चार-ट्रॅक यंत्रावर मिश्रण करत, कॅसेटच्या प्रती काढत आणि त्या हातोहात, दुकानांतून आणि मोटारींच्या साउंड सिस्टिम विकणाऱ्यांकडून खपत. प्रतीवरून प्रत काढताना आवाज मळत जाई, खरखर वाढे. ही खरखरच पुढे या शैलीची ओळख ठरली. ढोलाच्या यंत्राचे खोल ठोके, भयपटातली दोन-तीन स्वरांची पुनरावृत्त धून आणि मंत्रासारखे घोळवलेले एखादे वाक्य, एवढ्या सामग्रीवर तास-दीड तासाची कॅसेट उभी राही.

या वातावरणात डीजे पॉल आणि त्याचा सावत्र भाऊ लॉर्ड इन्फेमस यांनी आरंभ केला. दुसऱ्या एका भागातला डीजे ज्युसी जे त्यांना येऊन मिळाला. ‘बॅकयार्ड पॉसी’, ‘ट्रिपल सिक्स माफिया’, ‘थ्री सिक्स माफिया’ अशी नावे बदलत गेली. बायबलमधील श्वापदाचा आकडा नावात तसाच राहिला, फक्त तो उच्चारण्याची रीत सौम्य झाली. कूप्स्टा निका, क्रंची ब्लॅक आणि गँगस्टा बू हे पुढे सामील झाले. १९९५च्या मे महिन्यात ‘मिस्टिक स्टाइल्झ’ हा अल्बम स्थानिक ‘प्रॉफेट’ कंपनीतर्फे निघाला तेव्हा गँगस्टा बू पंधरा वर्षांची होती. पुरुषी हिंसेच्या या गर्दीत ती कोणाची सावली म्हणून येत नाही. तिचा आवाज सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत निर्भय आहे. लॉर्ड इन्फेमसने आपल्याला ‘स्केअरक्रो’, बुजगावणे, म्हणवून घेतले होते. त्याची एका ठोक्यात तीन अक्षरे पेरणारी झपाट्याची म्हणण्याची पद्धत पंधरा-वीस वर्षांनी अवघ्या अमेरिकी रॅपची प्रचलित पद्धत झाली, आणि अनेक समीक्षक तिच्या उगमाचे श्रेय त्यालाच देतात.

या सहाजणांत दोघे वेगळे होते. डीजे पॉल आणि ज्युसी जे हे म्हणणारे होतेच, शिवाय संगीत रचणारेही तेच होते आणि पुढे ‘हिप्नोटाइझ माइंड्स’ या कंपनीचे मालकही तेच झाले. उरलेले चौघे एकाच वेळी त्यांचे मित्र, सहकलावंत आणि करारबद्ध कलावंत होते. या तिहेरी नात्यात तणाव न येता तरच नवल. २००० नंतर एकेकजण गळू लागला. आधी कूप्स्टा निका, मग गँगस्टा बू, २००५च्या सुमारास लॉर्ड इन्फेमस, २००६ मध्ये क्रंची ब्लॅक. प्रत्येकाची कारणे वेगळी सांगितली जातात, पण पैशाचा हिशेब हा शब्द बहुतेक कहाण्यांत येतो. गँगस्टा बूच्या १९९८च्या पहिल्या स्वतंत्र अल्बममधील गाजलेले गीत ‘डॉलर कुठे आहेत’ याच प्रश्नावर बेतलेले होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येतो. पण लक्षात मात्र राहतो.

गट आटत असतानाच त्याची कीर्ती वाढत होती. सैतान आणि स्मशान मागे पडले, नाचघर आणि नशा पुढे आले. २००५च्या अल्बमचे शीर्षक ‘मोस्ट नोन अननोन’, सर्वांत परिचित अपरिचित, असे होते. गटाच्या इतिहासावरचे याहून नेमके भाष्य कोणी केलेले नाही. ५ मार्च २००६ रोजी ‘हसल अँड फ्लो’ या चित्रपटातील गीतासाठी थ्री सिक्स माफियाला ऑस्कर मिळाले. दहा-अकरा वर्षांपूर्वी मोटारीच्या डिकीतून विकलेल्या कॅसेटपासून हॉलिवूडच्या त्या व्यासपीठापर्यंतचा हा प्रवास थक्क करणारा आहे.

परंतु पुरस्काराच्या अधिकृत नोंदीतील नावे वाचावीत. जॉर्डन ह्यूस्टन, सेड्रिक कोलमन, पॉल बोरेगार्ड. पहिला ज्युसी जे, तिसरा डीजे पॉल. दुसरा फ्रेझर बॉय, जो त्यांच्या कंपनीचा कलावंत होता पण गटाच्या मूळ सहाजणांतला नव्हता. नियमाप्रमाणे पुरस्कार गीतकारांना मिळतो, तेव्हा यात अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. तरीही जगाने ज्या रात्री ‘थ्री सिक्स माफिया’ हे नाव ऐकले, त्या रात्री ते नाव ज्यांच्या आवाजांनी घडले होते त्यांतल्या चौघांचा नोंदीत पत्ता नव्हता. दोन वर्षांनी आलेल्या अल्बमचे शीर्षक ‘लास्ट टू वॉक’ होते. दोघेच उरले, हे शीर्षकातच कबूल केलेले होते.

२०१३ साली एक विचित्र पुनर्मीलन झाले. ज्युसी जे स्वतंत्र कलावंत म्हणून नव्याने यशस्वी झाला होता. त्याच्यावाचून डीजे पॉलने जुन्या चौघांना जमवले आणि गटाला ‘द माफिया सिक्स’ असे नाव दिले. मूळ सहाजणांपैकी पाचजण हजर होते, पण नाव जुने नव्हते. जुन्या नावाने दोघेच असताना अल्बम निघाला होता आणि पाचजण एकत्र आले तेव्हा त्यांना नवे नाव लागले. नाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर याहून स्पष्ट कसे मिळणार? नोव्हेंबरमध्ये त्यांचा पहिला संग्रह आला. २० डिसेंबर २०१३ रोजी लॉर्ड इन्फेमस हृदयविकाराने गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. ऑक्टोबर २०१५ मध्ये कूप्स्टा निका गेला, तोही चाळिशीत. गँगस्टा बू या गटातूनही आधीच बाहेर पडली होती. १ जानेवारी २०२३ रोजी ती गेली, तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

४

डेट्रॉइटची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण तेथे मुखवटा हे रूपक राहिले नाही, ते प्रत्यक्ष चेहऱ्यावर रंगवले गेले. ‘इनर सिटी पॉसी’ या साध्या गल्लीछाप गटाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘इन्सेन क्लाउन पॉसी’ असे नाव घेतले. इंग्रजी आद्याक्षरे तीच, अर्थ नवा. विदूषकाचा रंग आणि सूत्ररूप जत्रेची एक पुराणकथा त्यांनी उभारली. त्याच शहरात ‘हाऊस ऑफ क्रेझीज’ नावाचा तिघांचा गट होता. तो फुटल्यावर त्यातले दोघे, मिस्टर बोन्झ आणि हेक्टिक, जेमी मॅड्रॉक्स आणि मोनोक्साइड ही नावे घेऊन १९९७ मध्ये ‘ट्विझ्टिड’ म्हणून अवतरले. मॅड्रॉक्स हे नाव एका चित्रकथेतील पात्राचे आहे, जे पात्र स्वतःच्या अनेक प्रती निर्माण करू शकते. या मंडळींना आपण काय करत आहोत याची जाण नव्हती, असे कोणी समजू नये.

येथे माणसांनी नाव सोडले, पण परस्परांना सोडले नाही. इन्सेन क्लाउन पॉसीच्या कंपनीतून ट्विझ्टिड २०१२च्या अखेरीस बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यामुळे गटाचे नाव, संगीत आणि हिशेब एकाच छपराखाली आले. सत्तावीस वर्षे चाललेली ही जोडी मार्च २०२४ मध्ये मोनोक्साइडच्या मृत्यूने तुटली. सदस्यांची जोडी न फोडता हा गट इतकी वर्षे टिकला. नाव आपल्या हाती असणे आणि जोडी टिकणे यांचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, परंतु इतर तिन्ही शहरांच्या कथा वाचल्यावर तो नाकारणेही कठीण जाते.

५

आता या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? पहिली गोष्ट अशी की हॉररकोअर गटांच्या पुनर्जन्मांना निव्वळ कलात्मक ‘प्रयोग’ म्हणणे म्हणजे व्यवहारावर पांघरूण घालणे आहे. भयाच्या मुखवट्याने माणसे बदलण्याची सोय केली, आणि ती सोय ज्याच्याकडे नाव होते त्याने वापरली. दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. हाच मुखवटा काही माणसांना दुसरी संधी देऊन गेला. कंपन्यांनी गाडलेल्या चौघांना कबर खोदणारे होता आले. नर्तक म्हणून आलेल्या ठेंगण्या तरुणाला बोलता आले. पंधरा वर्षांच्या मुलीला पुरुषांच्या बरोबरीने दरारा निर्माण करता आला. मुखवटा केवळ शोषणाचे साधन होता असे म्हटले तर या माणसांच्या कर्तृत्वाचाच अपमान होईल.

तिसरी गोष्ट सांगणे सर्वांत कठीण आहे. ज्या मृत्यूशी ही मंडळी विशीत खेळली तो त्यांच्यापैकी कित्येकांना अकाली भेटला. डीजे रेडी रेड २०१८ मध्ये गेला. बुशविक बिल जून २०१९ मध्ये कर्करोगाने गेला, बावन्नाव्या वर्षी. ‘आपल्या गीतांचे भोग भोगले’ असा स्वस्त न्याय येथे लावू नये. कर्करोगाला आणि हृदयविकाराला गीते ऐकू येत नाहीत. दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेल्या माणसाचे आयुष्य सरासरीने तोकडेच असते, हे अधिक साधे आणि अधिक भीषण सत्य आहे. त्यांच्या गीतांतली स्मशाने कदाचित आपण समजतो तितकी काल्पनिक नव्हती.

आणि या कथेचा सर्वांत अलीकडचा अध्याय आणखीच वेगळा आहे. गेल्या दशकात ‘फाँक’ नावाचा एक संगीतप्रकार इंटरनेटवर पसरला. मेम्फिसच्या जुन्या कॅसेटवरील आवाजांचे तुकडे कापून, त्यांवर जड ठोके चढवून तो बनतो. त्याचे कित्येक निर्माते रशियातले आहेत, आणि मोटारींच्या चित्रफितींखाली तो जगभर वाजतो. या तुकड्यांत कोण बोलते आहे हे बहुधा कुठेही लिहिलेले नसते. कॅसेटची खरखरही आता मुद्दाम, शोभेसाठी घातली जाते. एकेकाळी नाव टिकले आणि आवाज बदलले. आता आवाज टिकले आहेत आणि नावे गळून पडली आहेत.

अशा वेळी या गटांचा इतिहास गटाच्या नावाने लिहिणे अपुरे ठरते. तो प्रत्येक अल्बमच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांतून, कोणत्या वर्षी कोण आले, कोण गेले, शब्द कोणाचे आणि हिशेब कोणाकडे, असा माणसागणिक लिहावा लागेल. काम कंटाळवाणे आहे, आणि आपल्या गाथांच्या संपादकांना ते परिचयाचेही आहे. ‘असॅसिन्स’ ऐकताना आधी १९८८ची प्रत लावावी, मग १९९०ची. पहिल्या प्रतीवरील आवाज ज्यूकबॉक्स आणि जॉनी सी यांचे आहेत. आरंभासाठी एवढी नोंद पुरे.